नापासबाईंची शिकवणी

गाडी घराच्या फाटकापुढे तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मास्तरांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. बिचारे रडू आवरत असावेत, असं बाईंना वाटलं. पुढच्या वेळी क्लच जरा बेतानं सोडायचा, असं त्यांनी ठरवलं. नाटक झालं म्हणून माणसाचा अंत पाहू नये.

नाटकच होतं ते. परवान्याच्या कचेरीत सत्तावीस वर्षं परीक्षक म्हणून काढून बाई निवृत्त झाल्या होत्या. उमेदवारानं आरशात पाहिलं नाही, नापास. जास्त वेळ पाहिलं, तरी नापास. 'नापासबाई' हे नाव कचेरीनं त्यांना आधी पाठीमागे आणि मग तोंडावरही बहाल केलं होतं. अशा बाईला गाडी शिकायची काय गरज? गरज मास्तरांना होती.

धाकटी बहीण एक दिवस येऊन सगळं सांगून गेली. तिच्या ओळखीचे एक मास्तर, गाडी शिकवण्यात एक नंबर, पण वर्षभर मन मिटून बसलेले. डॉक्टर नैराश्य म्हणतात. औषध चालू आहे, पण स्वतःवरचा भरवसाच उडालाय. ड्रायव्हिंग स्कूलनं शेवटची संधी दिली आहे, एक तरी शिकाऊ पास करून दाखवा, नाहीतर घरी बसा.

"तुझा परवाना नाहीतरी बाद झालाय, ताई. नव्यानं परीक्षा द्यावीच लागेल," ती म्हणाली. "त्यांच्याकडे शिक. अगदी मठ्ठासारखी शिक."

परवाना बाद झाला होता, हे खरं. दीड वर्ष बाई तो विषय उद्यावर ढकलत होत्या. निवृत्तीनंतर त्यांना झोपेचा छंद जडला होता. पडदे लावून घेतले की सोफ्याचा रंग टिकतो, हे त्यांना उशिरा का होईना उमगलं होतं. फोन उचलला की समोरचा बोलतो, म्हणून त्या तो उचलत नसत. सकाळची एक गोळी होती. कशाची, विचारलं तर "वयाची" म्हणत.

पण दुसऱ्याच्या दुःखापुढे असले छंद बाजूला ठेवावे लागतात. पहिल्या दिवशी त्या फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. आजारी माणसाला पहिल्याच दिवशी ताण नको. मास्तर गाडीतूनच म्हणाले, उद्या येतो.

आणि आले. रोज आले. एकदा बाईंनी खिडकीतूनच 'आज नको' असा हात केला. मास्तर फाटकाशी उभे राहून शांतपणे म्हणाले, "बरं झालं. मीही जाऊन पडतो. उठलो होतो ते तुमच्यासाठी."

यावर कोण पडून राहणार? बाई चपला अडकवून बाहेर आल्या.

त्या माणसाला साधं काही ठरवता येत नसे. चौक आला की म्हणत, "डावीकडे की उजवीकडे? मला काही सुचत नाही." मग बाईच सांगत. दुसऱ्या आठवड्यात मास्तर शीळ घालायला लागले. तिसऱ्यात त्यांनी एक विनोद केला, तो इतका टुकार होता की बाई हसल्या. त्यांना उभारी वाटावी म्हणून बाई केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागल्या. उद्या माणूस पाणी प्यायला आत आला तर, म्हणून पडदेही धुवायला काढले.

एवढा खचलेला माणूस रोज उठून कामाला येतो, ही काय साधी गोष्ट आहे, असं त्या बहिणीला कौतुकानं सांगत. "खरंच गं, कमाल आहे," बहीण म्हणे आणि त्यांच्याकडेच बघत राही.

शिकवणी संपली की मास्तर खिशातून कार्ड काढून त्यावर दोन शब्द लिहीत. दिवसाची प्रगती. ते शिकाऊनं बघायचं नाही, थेट परीक्षकानंच उघडायचं. हा नियम बाईंनीच एकेकाळी भांडून करून घेतला होता.

मग मास्तर म्हणाले, मंगळवारी परीक्षा.

त्याच कचेरीत नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एका कागदावर सही करायला बाईंचा हातच उचलला नव्हता. तशाच उठून घरी आल्या होत्या त्या. निरोप समारंभालाही गेल्या नव्हत्या.

"माझ्यानं नाही होणार," त्या म्हणाल्या. यात नाटक नव्हतं.

मास्तर रुमालानं काच पुसू लागले. "नाही आलात तरी मी समजून घेईन. मला आता सवय झालीय."

मंगळवारी बाई दहा मिनिटं आधीच फाटकाशी उभ्या होत्या.

नवा परीक्षक एकेकाळी त्यांच्याच हाताखालचा. परीक्षेत घाम त्यालाच फुटला. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली, आणि उतरताना 'माझं काही चुकलं का, मॅडम,' असं त्यानंच विचारलं. मग त्यानं बाईंना आत नेलं, मास्तरांचं कार्ड उघडून वाचलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि शिक्का शोधायला म्हणून डोळे पुसत उठला. कार्ड टेबलावर उघडंच राहिलं.

बाई आयुष्यात प्रथमच त्या टेबलाच्या अलीकडे बसल्या होत्या. पण सत्तावीस वर्षांत कागद उलटा वाचायची कला अंगी मुरली होती, आणि आपल्या हातून मास्तर कितपत सावरले, हे पाहायचा त्यांना हक्कच होता.

'पहिला दिवस : बाई फाटकापर्यंत आल्या. आठवा : कुठे वळायचं, ते स्वतः ठरवलं. सोळावा : हसल्या.' आणि सगळ्यात खाली, आजच्या तारखेला : 'परीक्षकसाहेबांस विनंती. गाडी बाईंना आपल्या दोघांपेक्षा चांगली येते. फक्त, मी पहिल्यापासून ठणठणीत आहे, हे त्यांना एवढ्यात कळू देऊ नये.'