शाल-श्रीफळ

मागच्या वर्षी काकासाहेबांच्या बियाणे कंपनीनं लासूर स्टेशनच्या गोदामातला इंटरनेटवाला बदलला. दुकानांच्या ऑर्डरी ज्या नेटच्या पत्त्यावर येतात, तो जुनाच ठेवून घ्यायचा असतो, हे तिथलं कॉम्प्युटरचं काम बघणारा भारत साफ विसरला. चार दिवस एकही ऑर्डर पोचली नाही. मग भारतनं गोदामातच मुक्काम ठोकून गाडी रुळावर आणली, आणि काकासाहेबांनी सगळ्या स्टाफसमोर त्याला शाल-श्रीफळ दिलं.

यंदा औरंगपुऱ्यातल्या मुख्य ऑफिसची पाळी आली. काम तिथले कॉम्प्युटर बघणाऱ्या योगिनीकडं होतं. जुन्या-नव्या दोन्ही इंटरनेटवाल्यांच्या महिनाभर हातापाया पडून तिनं पत्ता तोच राखला, आणि एका दुपारी लोकांचे डबे खाऊन होईपर्यंत जोडणी बदलूनही टाकली. एकही ऑर्डर अडली नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी काकासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आत शिरताना योगिनीनं ओढणी सारखी केली.

"योगिनीताई, महिनाभर नेमकं काय केलं तुम्ही? इथं तर काहीच झालं नाय!"

 

ती पत्त्याचं सांगायला लागली, तोच काकासाहेब म्हणाले, "उद्यापासून तुमच्या जागी भारत बसंल. अडचणीत उभा राहणारा माणूस पाहिजे मला."