अळणी वांगं

दुपारच्या मालिकेतला नायक दिवसा कारखान्यात मशीन चालवायचा आणि कायद्याच्या हातून सुटलेल्यांना गुपचूप स्वतःच संपवायचा. बायकोला त्याचा पत्ताच नाही. डबा खाऊन तो उठला, की कुणाचा तरी निकाल लागलाच म्हणून समजा.

कासारवाडीची दीक्षा ही मालिका अगदी चवीनं बघायची. सोमवारी मात्र तिचा घास हातातच राहिला. नायकाच्या डब्याच्या झाकणावर नाव कोरलेलं होतं, 'सरूबाई'. नावाशेजारी तोच ओळखीचा पोचा. सासूबाईंचं नाव असलेला हा डबा तिचा नवरा धम्मपाल रोज चाकणला कंपनीत न्यायचा.

संध्याकाळी तिनं विचारलंच, "अहो, डबा कुणाला देता का?"

"कुणाला देणार?" तो हसला. "तुझं आपलं काहीतरीच!"

मंगळवारी नायकाच्या डब्यातून निघाली ती तिनं सकाळी उभी चिरून केलेली भेंडी.

बुधवारी तिनं वांग्यात मीठच घातलं नाही. कुणाजवळ, अगदी नणंदेजवळही, याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुपारी एक वाजता नायकानं डबा उघडला. वांगंच होतं. समोर बसलेल्या सोबत्यानं त्यातला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भावा, वहिनी आज मीठ विसरली वाटतं."

नायक शांतपणे चावत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि सरळ दीक्षाकडे पाहिलं.

"विसरली नाही. मुद्दाम घातलं नाही तिनं."

आणि उरलेला डबा झाकून तो उठला.