अनुभवी बाई

फोन वाजला तेव्हा तिच्या एका हातात सासूबाईंच्या पेजेची वाटी होती आणि दुसऱ्या हातानं तिनं रांगत्या लेकीचा फ्रॉक धरून ठेवला होता. काल सासूबाईंची कूस बदलेपर्यंत पोर थेट शेगडीपाशी पोचली होती.

तिनं मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला.

"ताई, ज्येष्ठ व दिव्यांग सहाय्य केंद्रातून बोलतेय. तुमच्या सासूबाईंना सांभाळायला बाई मिळाली!"

तिचे डोळेच भरून आले. सरकारी अनुदानातून निघालेल्या त्या केंद्राला सगळ्यांनी नाकं मुरडली होती. तिनं मात्र चार पानी अर्ज एकही रकाना न सोडता भरला होता. 'सध्या काळजी कोण घेतं?' याच्यापुढे स्वतःचं नाव, नंबर, अनुभवसुद्धा.

"कशा आहेत हो? घरात लहान मूल आहे, म्हणून विचारते."

"अहो, तीन वर्षांचा अनुभव, तोही अर्धांगवायूच्याच पेशंटचा. राहतातही तुमच्याच भागात. आमच्या यादीत सध्या एवढ्या एकच आहेत, आणि अनुदानाचा अहवाल उद्या जायचाय. लिहून घ्या नंबर."

वाटी ठेवून तिनं कॅलेंडरवर आकडे लिहायला घेतले. सहाव्या आकड्याशी पेन थबकलं. पुढचे चार सांगायची गरजच नव्हती. नंबर तिचाच होता.

"मिळाली का गं कोणी?" सासूबाईंनी पलंगावरून आशेनं विचारलं.

"मिळाली ना, आई." तिनं वाटी पुन्हा उचलली. "अर्धी पेज भरवलीसुद्धा तिनं."