धडधाकट बाळाचं औषध

"कांचन, बाळालाही एचआयव्हीची लागण झालीये," समुपदेशक बाई हळूच म्हणाल्या.

कांचनला ते खरं वाटेना. आईकडून लागण होऊ नये म्हणून बाळाला जन्मल्या दिवसापासून औषध चालू होतं. ती बाळंतपणानंतर तापाने पडून होती, तेव्हा ते बाळाला रोज पाजायचं काम सासूबाईंकडे होतं. आजार मात्र नवरा-बायकोने त्यांच्यापासून लपवला होता. अशक्तपणाचं औषध आहे, एवढंच सांगितलं होतं.

बाहेर बाकावर सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कांचनने त्यांना सगळं सांगितलं, स्वतःच्या आणि नवऱ्याच्या आजाराचंही. नातीला थोपटणारा हात थांबला.

"ते औषध मी दोन दिवसांनंतर पाजलंच नाही गं. पोरगी चांगली बाळसेदार, तिला कशाला औषध? घोट घेताना रडून लाल व्हायची. मला बघवेना. मोरीत ओतून टाकत होते."

कांचनने बाळ त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" सासूबाई कळवळल्या. "मी थेंबही वाया जाऊ दिला नसता!"

"सांगितलं असतं, तर आम्हाला घरात ठेवलं असतं तुम्ही?"

सासूबाईंनी तोंड उघडलं; पण 'हो' काही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही.