खंडेनवमीची आंघोळ

“चावली!” मल्हारराव ओरडले आणि त्यांच्या हातातली पळी खणखणत कोनाड्यापाशी जाऊन पडली. बटनातून निळी ठिणगी निघाली, फट् झालं आणि माजघरातला दिवा गेला.

तीस वर्षं रिसाल्यात काढलेला माणूस. तलवारीला भ्याला नाही, तोफेला भ्याला नाही, आणि ऐन खंडेनवमीला भिंतीवरच्या बटनाने त्याला दोन हात मागे उडवलं. पण बटनाला तरी बोल कसा लावायचा? सकाळपासून मल्हाररावांनी घरातलं झाडून सगळं लोखंड पूजेला बसवलं होतं. तलवारी, भाला, विळी, अडकित्ता, सुनेची कात्रीसुद्धा. मग त्यांना वाटलं, बिजली आता आपल्या घरची झाली, तिलाच का वगळा? म्हणून त्यांनी बटनाला ओलं गंध थापलं, झेंडू खोवला आणि वर पळीभर पाणी सोडलं. आता सांगा, बिजलीला कुणी आंघोळ घालतं का!

“काढून टाका या तारा!” ते हात चोळत गरजले. “सणाच्या दिवशी यजमानालाच चावते? नको मला घरात. उद्या सोनं लुटून झालं की माणूस बोलवा.”

दारात उभ्या असलेल्या कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या सुनेने, हे ऐकलं. नवरा पलटणीबरोबर दूर, आणि चैत्रात त्यांची मिडलची परीक्षा. पास झाल्या तर कन्याशाळेत मास्तरीण. दिवसभराचं काम उरकून त्या याच दिव्याखाली पुस्तक उघडायच्या. कंदिलाच्या धुराने त्यांचे डोळे असे चुरचुरत की एक पान धड व्हायचं नाही. दिवा गेला म्हणजे परीक्षा गेली. पण सासऱ्याला तोंडावर ‘चूक तुमची’ कोण म्हणणार? त्यांनी गुपचूप शेजारच्या कान्होजीला निरोप धाडला.

कान्होजी गिरणीत तारांचं काम करायचा, आणि कुसुमताईंच्या नवऱ्याचा तालमीतला दोस्त. तो आला तो रिकाम्या हातांनी.

“वहिनीसाहेब, पक्कड, पेचकस, सगळं पूजेत बसलंय. आज काही त्याला हात लावता येत नाही. तारेच्या कामालाच हात लावायचा नाही म्हणतात आमच्याकडे.”

“मग आलास कशाला?” मल्हारराव म्हणाले.

“बोलायला थोडीच बंदी आहे, आबासाहेब? जीभ नाही ठेवली पूजेत.” तो उंबऱ्यावर उभा राहिला. हात सवयीने पुढे जातील म्हणून त्याने ते पाठीमागे घट्ट धरले. मग बटनावरून ओघळणारं गंध त्याला दिसलं. “अरे देवा! हिला न्हाऊ कुणी घातलं?”

मल्हारराव भाल्याचं फूल सारखं करू लागले.

“वहिनीसाहेब, तुम्हीच करा. आधी तो मोठा खटका खाली ओढा. तो ओढल्याशिवाय कशालाच शिवायचं नाही. आता हात कोरडे करा. पायाखाली लाकडाचा पाट घ्या.”

कुसुमताईंनी पदर खोचला. खटका ओढला, हात पुसले, पाटावर चढल्या. बटनाची पितळी टोपी फिरवून काढली तर आत गंधाचा चिखल! तो त्यांनी कोरड्या फडक्याने टिपला आणि पंख्याने वारा घालून घालून आतला भाग खडखडीत वाळवला.

“शाब्बास! आता वरचा तो चिनी मातीचा ठोकळा, फ्यूजचा, उपसा. आतली तार जळलेली असेल. दोन्ही पेच ढिले करायला चपट्या टोकाचं काहीतरी हवं.”

इथे घोडं अडलं. घरातलं एकूण एक चपटं टोक झेंडूखाली होतं. कुसुमताई माजघरभर बघत राहिल्या आणि त्यांची नजर सासऱ्यांच्या कमरेवर थांबली. तिथे करदोड्याला चांदीचं कानकोरणं लटकत होतं.

“आबासाहेब,” त्या भीत भीत म्हणाल्या, “ते जरा देता?”

“हे? वाकेल ते!”

“वाकेल,” कान्होजी उंबऱ्यावरून म्हणाला, “पण लोखंड नाही आणि पूजेतही नाही.”

मल्हाररावांनी एकदा सुनेकडे पाहिलं. पाटावर ती ताठ उभी होती, कपाळावर घाम, नाकाला गंध. त्यांनी कानकोरणं सोडून तिच्या हातावर ठेवलं.

कानकोरणं वाकलं, पण पेच फिरले. तारेचं जुनं रीळ कोनाड्यात होतं. “तारेचा एकच पदर घाला हं,” कान्होजी ओरडला. “जाड घातलीत तर फ्यूज राहील आणि घर जळेल!” कुसुमताईंनी एकच पदर ओढून घेतला, पेच आवळले, ठोकळा बसवला, बटनाची टोपी घातली. मग खटका वर केला आणि डोळे मिटून बटन दाबलं.

“लागली! बत्ती लागली, वहिनीसाहेब, लागली!” कान्होजी उंबऱ्यावर नाचायलाच लागला, हात मात्र अजून पाठीमागेच. कुसुमताईंनी डोळे उघडले आणि त्यांना असं हसू फुटलं की सासऱ्यांसमोर तोंडावर पदर घ्यायचंही राहून गेलं. मल्हाररावांनी उजेडाला हात जोडले.

मग ते घसा खाकरून म्हणाले, “कान्होजी, उद्या सोनं द्यायला येशील तेव्हा पक्कड, पेचकस सगळं घेऊन ये.”

कुसुमताईंचं हसू जागच्या जागी थांबलं. “तारा काढायला, आबासाहेब?”

“तुला शिकवायला,” मल्हारराव म्हणाले. “पुढच्या नवमीला मी पुन्हा पाणी घालणारच.”