कॅमेरा सापडत नाही

स्क्रीनवर परत तेच वाक्य आलं: कॅमेरा सापडत नाही. उस्तादनं वीज बंद केली, चौथा मदरबोर्ड सोडवला आणि आधीच्या तीन बोर्डांशेजारी टेबलावर ठेवला.

"याचंही नाही जमलं?" मेहुणीनं दारातूनच विचारलं. ती दर रविवारी यायची.

"नाही, ताई. या बोर्डाचं आणि कॅमेऱ्याचं पटत नाही. पाचवा मागवलाय."

पलंगावर उस्तादची बायको होती. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून तिचे फक्त डोळे हलत होते. डोकं शाबूत आहे, असं डॉक्टरांनी ठासून सांगितलं होतं. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याला सुचतील तेवढेच: तहान लागली का, कूस बदलू का, पंखा बंद करू का. स्वतःहून काही सांगायची सोयच नव्हती. त्यासाठी हा कॉम्प्युटर हवा होता. स्क्रीनखालचा कॅमेरा तिची बुबुळं टिपणार, ती ज्या अक्षरावर नजर रोखेल ते अक्षर उमटणार.

असा कॉम्प्युटर कंपनी तयार विकते. पण ज्यानं वीस वर्षं एकेक भाग निवडून गावभर कॉम्प्युटर जुळवून दिले, त्यानं स्वतःच्या घरी खोक्यातला आणायचा? उस्तादला ते नाक कापून घेतल्यासारखं वाटत होतं. आणि बायकोवर तर त्याचा जीव. आवाज नको म्हणून मशीनचा पंखा कुठून कुठून शोधून आणलेला, स्टँड तिच्या उशीच्या उंचीचा बनवून घेतलेला. तिचं न्हाणं, विंचरणं, भरवणं सगळं तो स्वतः करायचा, नर्सला हात लावू द्यायचा नाही. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे मेहुणी दहा जणांना सांगून चुकली होती.

फक्त मशीन जुळवायला घेऊन सात महिने झाले होते.

"उस्ताद, आता तयारच आणू या," ती म्हणाली.

"तुम्ही शिवणकाम करता ना, ताई? बहिणीसाठी दुकानातला तयार झगा आणाल?"

"ती उघडी बसली असती, तर आणला असता."

उस्ताद हसला. बायकोच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाला, "आठ दिवस द्या. तिचं बोलणं माझ्या मशीनवर उमटावं, एवढीच हौस आहे हो."

मेहुणीला भरून आलं. तिनं विषय सोडला. बहीण तिच्याकडे टक लावून पाहत होती. हल्ली ती आली की बहीण अशीच पाहायची आणि मेहुणीला ते सोसायचं नाही. आठ दिवस थांबशील ना, असं तिला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

आठाचे वीस झाले. पाचव्या बोर्डावरही तेच वाक्य. मग मेहुणीनं उस्तादच्या अपरोक्ष कंपनीला फोन लावला आणि तो दुकानात असताना भर दुपारी कंपनीची बाई खोकं घेऊन आली. स्क्रीन बसवायला तिला वीस मिनिटं लागली.

"ठिपका जाईल तिकडे बघायचं हं," बाई म्हणाली. ठिपका कोपऱ्या-कोपऱ्यांत फिरला. "अरे वा, पहिल्यांदाच इतकी नजर कुणी धरत नाही. सवय असल्यासारखी धरतात या."

तेवढ्यात उस्ताद आला. खोकं पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई, हे काय केलंत?"

"रागवा हवं तर. पण मला तिचं बोलणं ऐकायचंय."

"बंद करा ते. माझं उद्या चालू होतंय. नक्की होतंय." त्यानं खरोखरच हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. आजचा दिवस राहू द्या."

एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडताना पाहून मेहुणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात महिन्यांची त्याची मेहनत आपण एका दुपारीत मातीत घातली. तिला वाटलं, एका दिवसानं काय बिघडतंय? तिनं बटणाकडे हात नेला.

स्क्रीनवर अक्षर उमटलं. मग दुसरं.

"ताई थांब."

मेहुणीचा हात जागच्या जागी राहिला. उस्ताद पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं बायकोचे पाय घट्ट धरले. अक्षरं सावकाश येत होती. कंपनीची बाई कौतुकानं ती मोठ्यानं वाचू लागली.

"ह्यांचं मशीन पहिल्याच दिवशी चाललं होतं. मला ताईकडे सोडा, असं मी लिहिलं. ते वाचून ह्यांनी कॅमेऱ्याची तार काढली."