लाल स्वेटर

शिल्पाचं स्टील घासायचा ग्राइंडर चालू असला की मला कुणाचीच हाक ऐकू येत नाही. म्हणून जेवायची वेळ झाली की माझी बायको थेल्मा लाल स्वेटर घालून मागच्या माळावर यायची आणि माझ्या पाठीमागे उभी राहायची. घासलेल्या स्टीलच्या शिल्पात चेहरा दिसत नाही, नुसता रंग उतरतो. लाल दिसलं की मी मशीन बंद करायचो.

“तुझ्या पत्र्यांना भूक नसेल, वेंडेल, मला आहे!” ती म्हणायची.

थेल्मा वारली. त्यानंतर एका संध्याकाळी शिल्प लाल झालं. मी मशीन बंद केलं, हात धुतले आणि टेबलापाशी जाऊन बसलो.

 

माझ्या शिल्पांत मावळतीचं ऊन उतरतं, असं न्यूयॉर्कचे समीक्षक कित्येक वर्षं लिहीत आलेत. मला ते त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.